फॉरमॅटमधली ओळ

"तू शिकल्याली हाईस, तूच लिव," असं म्हणून आत्यांनी फोमच्या जाळ्यांचा गठ्ठा माझ्या पदरात टाकला आणि त्या पुढच्या झाडाकडं वळल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, म्हाळसाबाई. परतीचा पाऊस आदल्या दिवशी उघडला होता. काळ्या रानात चप्पल घालून चालायची सोय नव्हती, दोन पावलं टाकली की पायाला किलोभर चिखल. म्हणून आम्ही सासू-सुना सकाळपासून अनवाणी पेरूला पिशव्या घालत होतो. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला आधी पांढरी फोमची जाळी चढवायची, वरून प्लॅस्टिकची पिशवी, आणि देठाशी गाठ. मग माशी लागत नाही, उन्हाचा डाग पडत नाही. बाजारात पेटी उघडली की सगळे एकसारखे गोरेगोमटे. एका झाडाला सत्तर-ऐंशी फळं, अशी चारशे झाडं. संध्याकाळी भाकरी थापतानासुद्धा बोटं गाठ मारल्यासारखी वळतात.

लिहायचा होता तो माझ्या दिराचा, ऋतिक भावजींचा बायोडाटा. भावजींना एकतीस पूर्ण झालं. अकरा स्थळं येऊन गेली, म्हणजे आली कमी आणि फोनवरच गेली जास्त.

"जुना हाय की आत्या, त्योच पाठवू."

"जुन्यात शेती लिवलीया. शेती वाचली की लोकं परत फोन उचलत न्हाईत."

"मग काय लिहू?"

"कंपनीत हाय म्हणून लिव."

"ते ठेकेदाराकडनं हायेत. अकरा महिन्यांनी ब्रेक देऊन घरी बसवत्यात."

"त्ये बिरेक कशाला लिवाय लागतंय?" आत्यांनी दातानं गाठ आवळली. "कंपनी तेवढी मोठ्या अक्षरात लिव."

बांधावर माझी लेक राजनंदिनी खेळत होती आणि माझा एक डोळा तिच्यावर होता. चार वर्षांची आहे. शेजारच्या रानात शेततळं आहे, त्याचा प्लॅस्टिकचा कागद निसरडा, त्यामुळं ती पाच मिनिटं दिसली नाही तर मी काम टाकून बांधावर जाते. तिनं टीव्हीचा मोडका रिमोट कानाला लावला होता आणि मान हलवत ती कुणाशी तरी बोलत होती. "व्हय. बरी हाय. समदं बरं हाय. तू कशी हाईस? बरं हाय, बरं हाय, ठिवू?"

आत्या हसल्या. "कशी आईवाणी बोलतीया बघ."

मला हसू आलं नाही. वडगाव निंबाळकरला माझ्या आईशी मी रोज एवढंच बोलते, हे मला पोरीच्या तोंडून कळलं.

बायोडाट्याचं काम माझ्याकडं यावं, यातली गंमत माझ्याशिवाय घरात कुणाला ठाऊक नव्हती. माझं लग्न एका बायोडाट्यावरच ठरलं होतं. मी बारामतीला एसटीनं जाऊन बीएस्सी केलं, पुढं बीएड करायचं मनात होतं. वडिलांना स्थळं सांगून येत होती. त्यांनी यांचा कागद वाचला. दादासो, शिक्षण बारावी, शेती बागायत, आणि सगळ्यात खाली एक ओळ: मुलीच्या पुढील शिक्षणास घरच्यांचा पूर्ण पाठिंबा राहील. वडिलांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली. म्हणाले, "संजीवनी, मानसं समजूतदार दिसत्यात." त्या ओळीवर मी वरकुट्याला आले.

सात वर्षं झाली. पहिल्या वर्षी वाटलं, आपण नवीन आहोत, विषय कसा काढायचा? दुसऱ्या वर्षी दिवस राहिले. मग बाळंतपण, मग पोरीचं सारखं आजारी पडणं, मग पेरूची बाग. तोंडानं मी एकदाही मागितलं नाही. त्यांनी लेखी दिलं होतं ना, मग त्यांनीच विषय काढावा, असं धरून बसले. कुणी काढला नाही. तो कागद मी अजून सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये ठेवलाय. फसवलं आपल्याला, हे मी मनाशी इतक्यांदा म्हटलंय की त्याचा आता रागही येत नाही, नुसता थकवा येतो.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनीला खोकल्याचं दाखवायचं होतं. भावजींनी गाडी काढली. इंदापूरला दवाखाना करून आम्ही झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात गेलो. दुकानात शिरलं की माझी भाषा आपोआप बदलते. हाय-न्हायचं आहे-नाही होतं, आवाजही जरा बारीक होतो. सगळ्यांचाच होत असेल.

"वर कुणाला घेऊ ताई?" ऑपरेटर म्हणाला. "गणपती, बिरोबा, खंडोबा, समदे हायती."

"बिरोबा घ्या," भावजी म्हणाले.

"नाव, जन्मतारीख, उंची सांगा. बाकी फॉरमॅट हाय माझ्याकडं. नोकरी काय टाकू?"

भावजींनी माझ्याकडं बघितलं. मी पोरीचं नाक पुसलं.

"सुपरवायझर," ते म्हणाले. इतक्या हळू, की ऑपरेटरला परत विचारावं लागलं.

त्यानं पानं पुढं सरकवली आणि मी स्क्रीनवर वाचत होते. वर वेलबुट्टी, मधे माहिती, आणि सगळ्यात खाली, कुणी काही सांगायच्या आत, ती ओळ. शब्दाला शब्द तीच.

"ही खालची ओळ कुणी सांगितली तुम्हाला?"

"कंची? ही व्हय. ही फॉरमॅटमधीच हाय, ताई. समद्यांच्याच असती. मुलीकडच्यांना बरी वाटती."

"किती वर्षांपासून?"

"दुकान टाकल्यापसनं. धा वर्षं झाली असत्याल."

भावजी म्हणाले, "दादाचा बी हितंच केल्ता, वहिनी. मीच आल्तो संगं. आपल्या आबांनी नाव-गाव सांगितलं आन बाकी ह्येनं केलं."

"तो कागद घरात कुणी वाचला होता?"

"वाचायचं काय त्यात? फोटू निघालाय का बरा, तेवढं बघितलं."

मी बाकावर बसले. सात वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो या घरानं कधी दिलाच नव्हता. आपण तो दिलाय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आत्यांना तर अक्षर येत नाही. मी ज्यांच्यावर मनातल्या मनात डूख धरून होते त्यांनी माझं काही मोडलं नव्हतं, आणि तरी माझं मोडलं होतंच.

"काढू का ती ओळ?" ऑपरेटरनं विचारलं.

"राहू द्या," मी म्हणाले.

का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भावजींचं जमावं म्हणून, की आपलं झालं तसं दुसरीचंही होऊ दे, असं आत कुठंतरी होतं म्हणून. दुसरं असेल तर माझी मला भीती वाटते.

तो बायोडाटा मोबाइलवरून फिरत फिरत बारामतीजवळ पिंपळीला गेला. आठ दिवसांनी फोन आला. मुलगी निकिता, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडील आबासाहेब फोनवर यांना म्हणाले, "बाकी काय असू द्या, शिक्षणाचं लिवलंय ते आमाला लय आवडलं. आयतवारी घर बघाय येतो."

हे फोन ठेवून माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. "बघ, तू लिवलं आन आठ दिवसांत पाव्हण्याचा फोन आला."

माझी भाकरी तव्यावर करपली.

शनिवारपासून घरात तालीम सुरू झाली. ओसरी सारवली, प्लॅस्टिकच्या नव्या खुर्च्या आणल्या. सगळ्यात जास्त सूचना मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. गावात त्यांना बिरूआबा म्हणतात. तरुणपणी मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे आणि तो विषय निघाला की त्यांना वेळेचं भान राहत नाही.

"आबा, मेंढरांचं काढू नगा," हे म्हणाले.

"का? चोरीची हुती व्हय मेंढरं?"

"तसं न्हवं. पोरगी शिकल्याली हाय. मेंढरं कोंडायचं वाडगं, लेंड्या, वाघुराची जाळी, कशाला? पेरूचं बोला."

"पेरूचं काय बोलू? पेरू काय माझ्याम्हागं चालत आला व्हय मुरबाडापातूर?"

"मग बोलूच नगा."

मामा खरंच गप्प झाले. रविवारी परीटघडीचं धोतर नेसून, पटका बांधून ते खुर्चीत असे बसले की फोटोच काढायचा होता. भावजींनी पांढरा शर्ट घातला होता. त्याची कॉलर ते सारखी सैल करत होते.

पाहुणे तिघंच आले. आबासाहेब, त्यांची बायको सारजाबाई आणि एक चुलते. मुलगी परीक्षेमुळं आली नव्हती. पुरुष ओसरीवर बसले. हे सांगायला लागले, "ऋतिक सुपरवायझर हाय. वीस मानसं हाताखाली." भावजी खाली फरशीकडं बघत होते. सारजाबाई आमच्या रिवाजाप्रमाणं पाणी पिऊन सरळ स्वयंपाकघरात आल्या. घर बघायला आलेली बाई आधी चूल बघते, मग सून बघते.

त्यांच्या हातात मोबाइल होता आणि त्यात एक मुलगी दिसत होती. केस मागं बांधलेले, चष्मा, मागं वसतिगृहाची लोखंडी कॉट.

"निकिता हाय," सारजाबाई म्हणाल्या. "म्हणली, मला बी घर दाव. आताच्या पोरी बाई." त्यांनी मोबाइल गुळाच्या डब्याला टेकवून उभा केला. "हं, बोल. ह्या जावबाई."

"नमस्कार वहिनी," ती म्हणाली.

"नमस्कार."

"तुमचं शिक्षण किती?"

"बीएस्सी."

"लग्नाआधी ना?"

"हो."

तिनं चष्मा वर सरकवला. "लग्नानंतर काही शिकलात का? बायोडाट्यात लिहिलंय म्हणून विचारते. आमच्या हॉस्टेलवर तिघीजणींचं असं झालंय, लग्न ठरलं आणि शेवटचं वर्ष राहून गेलं. माझं दीड वर्ष आहे अजून. आई-वडिलांना कागद खरा वाटतो. मला तुमच्याकडून ऐकायचंय."

पातेल्यात दूध चढत होतं. ओसरीवरून यांचा आवाज येत होता, वीस मानसं, दोन शिफ्ट. आत्या दारात कपबशा घेऊन उभ्या होत्या. राजनंदिनी माझ्या पायाशी बसून पोह्यातले शेंगदाणे वेचत होती आणि माझ्या तोंडाकडं बघत होती. बरं हाय, समदं बरं हाय, एवढं म्हटलं की झालं असतं. माझ्या जिभेला दुसरं काही सवयीचंही नव्हतं.

मी गॅस बंद केला.

"नाही शिकले," मी म्हणाले. "माझ्या वेळीही तीच ओळ होती. ती ओळ या घरातल्या कुणी सांगितलेली नाही. इंदापूरच्या दुकानात तशी छापूनच येते. माझ्यावेळी मला ठाऊक नव्हतं. या वेळी ठाऊक होतं, तरी मी ती काढली नाही. चूक माझी आहे."

सारजाबाईंचा हात हनुवटीला गेला.

"कंची वळ?" आत्यांनी विचारलं.

आता माघार नव्हती. मी ती ओळ त्यांना म्हणून दाखवली. पाठच होती.

आत्यांनी कपबशा ओट्यावर ठेवल्या. "आन ह्ये दादासोच्या कागदावर हुतं?"

"होतं."

"तुज्या बानं वाचलं हुतं?"

"दोनदा."

"म्हंजी तुज्या बाला वाटलं आमी शबूद दिला." त्या खाली बसल्या, पाटावर नाही, तशाच फरशीवर. "आन तुला बी तसंच वाटलं. सात वरसं."

मी मान हलवली.

"मग तुला तोंड न्हवतं व्हय गं?" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी आडाणी. मला कागदातलं दिसत न्हाय. तू रोज माज्या जोडीनं रानात असतीस. एक डाव तरी म्हणायचं, आत्या, तुमी असं असं लिवलं हुतं. मी न्हाय म्हणली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, काय झालं असतं ते झालं असतं. पर मला वाटायचं, पोरगी गुणाची हाय, सुखात हाय. आयला फोनवर रोज बरं हाय म्हणती."

सात वर्षं मी त्यांचा हिशोब चुकीचा लिहीत होते आणि माझा लिहीतच नव्हते.

आत्यांनी हात पुसून मोबाइल उचलला. उलटा धरला होता, सारजाबाईंनी सुलटा करून दिला. "ये पोरी, दिसती का मी? ऐक. कागदावर काय हाय ते मला ठावं न्हाय, मी तोंडानं सांगती. तुजं दीड वरीस पुरं कर. तवर हितं पाऊल टाकू नगंस. नंतर यायचं असंल तर ये, पर आल्यावर नोकरीला जाशील का रानात येशील, त्ये आमच्या घरात अजून कुणी बोलल्यालं न्हाय. आता बोलावं लागंल. मी आजच व्हय म्हणणार न्हाय. म्हणली तर ती बी तसलीच वळ व्हईल."

दारात सावली पडली. भावजी पाण्याचा तांब्या न्यायला आले होते, कधीपासून उभे होते कोण जाणे. ते मोबाइलसमोर आले नाहीत, दाराच्या चौकटीला धरूनच म्हणाले, "आन सुपरवायझर बी न्हाय मी. ठेक्यावर हाय. हाताखाली कुणी न्हाय."

मोबाइलमधून पहिल्यांदा हसू आल्यासारखा आवाज आला. "वीस माणसं कुठं गेली मग?"

"दादानं ठिवली हुती. आता घिऊन जाईल त्योच," भावजी म्हणाले आणि तांब्या न घेताच परत गेले.

ओसरीवर पुढं काय झालं ते मी दाराआडून बघितलं. यांचा आवाज बंद झाला होता. भावजींनी तिथंही ठेक्याचं सांगून टाकलं होतं. मग आबासाहेब घसा खाकरून म्हणाले, "बिरूआबा, तुमची मेंढरं कुठल्या घाटानं उतरायची?" आणि मामांनी एकदा यांच्याकडं बघितलं, मग सुरू झाले ते पाहुणे उठेपर्यंत थांबले नाहीत. आबासाहेबांच्या वडिलांचाही वाडगा तिकडंच असायचा. त्या दिवसात तेवढं एकच काम नीट झालं.

पाहुणे गेल्यावर हे मला म्हणाले, "तुला कुणी तोंड उघडाय सांगितलं हुतं? बारावं स्थळ घालवलंस." त्या दिवशी ते जेवले नाहीत. भावजी जेवले, पण माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पोरीसाठी बिस्किटाचा पुडा आणून ओट्यावर ठेवला, तेवढंच.

पिंपळीचा फोन नवव्या दिवशी आला. आबासाहेब म्हणाले, शब्द देत नाही आणि घेत नाही, पोरीची शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली की बघू, तोवर थांबायची तयारी असेल तर थांबा. दीड वर्षानं भावजी साडेबत्तीसचे होतील. हे कपाळाला हात लावून बसले. भावजींनी विचारलं, "पोरगी काय म्हणली?" आबासाहेबांनी सांगितलं होतं की ती म्हणाली, वीस माणसं नसलेला चालेल, पण परीक्षा झाल्यावर. भावजी डबा घेऊन शिफ्टला गेले.

परवा आम्ही परत पेरूतच होतो. अजून सव्वाशे झाडं राहिलीत. चिखल वाळून ढेकळं टाचेला टोचत होती आणि ऊन असं की पिशवीच्या आत पेरूला घाम यावा. राजनंदिनीला मी या वेळी जवळच, झाडाखाली बसवलं होतं. आत्या माझ्या शेजारच्या झाडाला होत्या. पिशव्यांचा चुरचुर आवाज होत होता.

"काय शिकायचं हुतं तुला?" त्यांनी विचारलं. माझ्याकडं बघितलं नाही.

सात वर्षं पाठ केलेलं वाक्य होतं, त्यातला एकच शब्द निघाला.

"बीएड."

"म्हंजी?"

"मास्तरीण व्हायचं शिक्षण."

"किती वरसं?"

"दोन. आधी एक परीक्षा असती."

"मास्तरणी काय भरत्यात का आता?"

"लय न्हाईत भरत."

"हं." त्यांनी दोन पेरू उरकले. "आन पोरगी कुणाकडं? आन ही झाडं? गुडघा माजा हा असा."

"ठावं न्हाय, आत्या."

"मला बी न्हाय." त्यांनी पाठ सरळ केली, कण्हल्या, उन्हाकडं बघितलं. "दादासो वराडणार."

"व्हय."

आम्ही दोघींनी ते झाड संपवलं. माझ्या हातातल्या जाळ्या संपल्या तेव्हा त्यांनी आपल्यातल्या अर्ध्या माझ्याकडं द्यायच्या ऐवजी सगळ्या स्वतःकडंच ठेवल्या, मला मोकळं केलं.

"त्या परीक्षेचा फारम कुठं भरत्यात?"

मला सांगायला जड गेलं. "इंदापूरला. त्याच डीटीपीवाल्याकडं."

आत्या थांबल्या. मग त्यांचं अंग हलायला लागलं, मला वाटलं पाठ धरली, पण त्या हसत होत्या, आवाज न करता, दमलेलं माणूस हसतं तशा.

"जा, कवा निघतोय ते इचारून ये," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेरूला जाळी चढवली. "पर ह्या खेपंला, त्यो काय लिवतोय ते समदं वाच. आन मला बी वाचून दाव."